स्टेशनमास्तरला हाक कोण मारणार

रामहरीचा आवाज केवढा मोठा, तर श्रीपूरच्या साखर कारखान्यात तो नोकरीला असताना भोंगा बिघडला की त्यालाच गच्चीवर चढवायचे आणि पाळी बदलायच्या वेळेला ओरडायला सांगायचे. त्याच्या आवाजानं पार पलीकडच्या शिवारातले बैल उठून उभे राहत. ह्यात थोडं वाढवून सांगितलेलं असेल, पण आता बैलांना विचारायची सोय नाही, तेव्हा आहे तसं मान्य करायला हरकत नाही.

असा तो आवाज सोलापुरात एका फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर कितीक वर्षं नुसता पडून होता. बायको प्रभा वारली होती. मुलगा हृषीकेश बायकोसह पुण्याला, तिथल्या कंपनीत होता. फ्लॅट त्यानंच घेऊन दिलेला, लिफ्ट आणि गरम पाण्यासकट. बोलायला कुणी नाही एवढीच एक गैरसोय. रामहरी सकाळी खाली उतरून दुकानात एक लिटर दूध मागायचा. लागायचं त्याला अर्धा. पण अर्धा म्हटलं की दुकानदार मुकाट्यानं पिशवी पुढं करायचा, आणि एक लिटर म्हटलं की विचारायचा, आज पाव्हणं आल्यात काय. ह्या एका प्रश्नापायी रामहरीच्या घरात इतकं दही साठलं की त्यात म्हैस पोहली असती.

वर्षातून एकदा पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. रामहरी गेला, तर यंत्र त्याचा अंगठा काही घेईना. साखरेची पोती हाताळून हाताळून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजोबा, मशीन तुम्हाला ओळखत नाही. रामहरीला काय वाटलं कोण जाणे, त्यानं छाती भरून घेतली आणि म्हणाला, "मी जिवंत हाय."

बँकेतला पंखा हलला. कॅशियरच्या पुढ्यातल्या नोटा उडाल्या. आणि आईच्या कामासाठी रांगेत उभी असलेली ऋतुजा नावाची एक बाई रांग सोडून त्याच्यापाशी आली आणि म्हणाली, काका, हेच वाक्य जरा वरच्या पट्टीत म्हणाल का.

ऋतुजा सोलापूरचीच. गाणं शिकायला युरोपात जाऊन आलेली. तिकडं ऑपेरा म्हणून नाटकाची एक जात आहे, त्यात माणसं साधं पाणीसुद्धा गाऊनच मागतात. तसला एक इटलीतला जुना ऑपेरा तिला सोलापूरकरांसाठी मराठीत करायचा होता. त्याची गोष्ट अशी : एका बंदरावर एक म्हातारा अधिकारी असतो. तरुणपणी त्याची बायको जहाजात बसून निघून गेलेली असते. तो रोज येणाऱ्या जहाजांकडं बघतो. शेवटी कुणीतरी त्याच्या छातीत सुरा खुपसतं आणि तो धक्क्यावर पडून, सुरा तसाच छातीत ठेवून, अर्धा तास गातो आणि मग मरतो.

तालमीला जमलेल्या मंडळींनी हे शांतपणे ऐकून घेतलं. पहिली शंका बसवराजनं काढली. बसवराज अक्कलकोटकडचा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. तो म्हणाला, सुरा लागलेला माणूस अर्धा तास गातोय म्हटल्यावर आपली माणसं गप बसणार न्हाईत ताई, खालनं ओरडतील, गातो काय, सिव्हिलला न्या की त्याला.

दुसरी अडचण समुद्राची. सोलापुरात समुद्र आणायचा कुठून. शहरातल्या तळ्यात जहाज दाखवावं असं ऋतुजाच्या मनात होतं, पण त्या तळ्यात पोहायला शिकलेले लोक प्रेक्षकांत बसणार होते. तेव्हा बंदराचं झालं होटगी जंक्शन, जहाजाची झाली आगगाडी, आणि बंदरावरचा अधिकारी झाला स्टेशनमास्तर. मूळ गोष्टीत कोळी होते त्यांचे गँगमन झाले, आणि त्यांचं समूहगान भजनी मंडळातल्या लोकांनी टाळ घेऊन असं उचललं की इटलीवाल्यानं ते ऐकलं असतं तर पुढची सगळी गाणी त्यानं टाळावरच बांधली असती. सुऱ्याऐवजी आलं ऊन. मे महिना, फलाटाला छप्पर नाही, स्टेशनमास्तर टोपी न घालता गाडीची वाट बघत उभा राहतो आणि ऊन लागून कोसळतो. ह्याला कुणी हरकत घेतली नाही. एकानं फक्त विचारलं, कांदा नव्हता का कुणाकडं, आणि तो प्रश्न ऋतुजानं न ऐकल्यासारखा केला. मूळ ऑपेरात शेवटी जहाज येतं आणि बायको उतरते. इथं गाडी यायची आणि धडधडत निघून जायची, कारण ह्या गाडीला होटगीला थांबा नाही.

स्टेशनमास्तर अर्थातच रामहरी. रोज दुपारी तालीम, रोज चहा, आणि रोज कुणीतरी विचारणार, काका जेवलात का. महिनाभरात घरातलं सगळं दही संपलं. तो डब्यात घालून तालमीला आणायचा आणि म्हणायचा, सुनेनं लावलंय.

फक्त मरणाची तालीम तो करत नव्हता. त्या जागी आलं की म्हणायचा, हे मला येतंय, पुढचं घ्या.

येत होतंच. कारखान्याच्या नाटक मंडळीत रामहरी वीस-पंचवीस वेळा तरी मेला होता, आणि एकदा इतका हुबेहूब की मंडपाच्या बांबूवर कावळे येऊन बसले होते. पण तिकडच्या सगळ्याच नाटक मंडळ्यांची एक रीत होती. स्टेजवर जो मरेल त्यानं आपल्या आपण उठायचं नाही. पडदा पडला तरी नाही. प्रेक्षकांतून त्याच्या घरचं कुणीतरी हाक मारणार, मग त्यानं उठायचं. तोंडाला रंग लागलेल्यानं हाक मारलेली चालत नाही, मित्रानं मारलेली चालत नाही, घरचंच पाहिजे. कारण सोंग मेल्याचं असलं तरी जीव काही सोंग करत नाही, तो आपला उठून चालायला लागतो, आणि त्याला परत फिरवायचं तर ओळखीचा आवाज लागतो. मंगळवेढ्याकडचा एक नट हाकेशिवाय उठला होता म्हणे. त्यानंतर त्याला कुत्री भुंकेनाशी झाली, आणि स्टेशनवरच्या वजनाच्या काट्यावर उभा राहिला तर कोरं तिकीट बाहेर पडलं.

प्रभा नवऱ्याचं नाव घेणारी नव्हती. ती बायकांच्या रांगेतून ओरडायची, "उठा, भाकरी निवली." मंडप हसायचा आणि रामहरी उठायचा. ती गेल्यावर तो स्टेजवर कधी मेला नाही. पाटील झाला, हवालदार झाला, एकदा तर झाड झाला, पण मेला नाही.

आता ह्या वयात मरायचं तर हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं. त्यानं पुण्याला फोन लावला आणि म्हणाला, पंधरा दिवसांनी मी मरणार हाय, तुला यावं लागंल. हृषीकेशनं डॉक्टरांचं नाव विचारलं. नाटकात, असं रामहरीनं सांगितल्यावर त्याचा श्वास ऐकू आला. "बाबा, असं घाबरवत जाऊ नका हो," तो म्हणाला. येतो म्हणाला. दोघंही येतो म्हणाला. रामहरीनं ऋतुजाला सांगून पहिल्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्या धरून ठेवल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा फरशीवर पडून मरणाची तालीम केली. रंगाशिवायच्या मरणाला हाक लागत नाही, पण हाक मारणारं ठरल्याशिवाय त्याला तेही नको होतं. तालीम संपली तरी भजनी मंडळातला एक जण रडत होता.

प्रयोग शनिवारी दुपारी होता. त्या दिवशी सकाळी फोन आला. कंपनीत काहीतरी मोठं काम निघालं होतं, परदेशातले साहेब बसून होते. "व्हिडिओ काढायला सांगा बाबा, मी नक्की बघतो," हृषीकेश म्हणाला. रामहरीनं बरं म्हटलं, जपून राहा म्हटलं, आणि रंग लावायला गेला. कुणाला काही बोलला नाही. खुर्च्याही सोडायला सांगितल्या नाहीत. रंग लावता लावता त्यानं मनाशी ठरवलं : ऋतुजाच्या नाटकात शेवटी अंधार होतो. अंधारात आपलं आपण उठायचं. शहरात कोण बघतंय.

नाट्यगृह भरलं होतं. पुढं शहरातली मंडळी, आणि मागं बसवराजनं श्रीपूर, सांगोला, अक्कलकोटकडून एसटीनं बोलावलेली माणसं. गाऊन बोलणाऱ्या माणसांना आधी ती थोडी हसली. पण स्टेशनमास्तरनं पहिली तान घेतली तेव्हा मागच्या दाराच्या कड्या वाजल्या, आणि मग कुणी हललं नाही. उन्हाच्या गाण्याला तर नाट्यगृहातला एसी बंद पडला असं लोक सांगतात. तो आधीपासून बंद होता, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही एवढं खरं.

मरताना रामहरीनं एकदाच डोळे उघडून समोर पाहिलं. दोन खुर्च्या रिकाम्या. तो शेवटचा सूर धरून खाली आला, बसवराजच्या क्लॅरिनेटनं तो सूर उचलला, पडद्यामागून गाडी धडधडत गेली, आणि अंधार झाला.

ऋतुजानं शिकवल्याप्रमाणे ह्या अंधारात उठायचं होतं, सगळ्यांनी हात धरून पुढं यायचं होतं आणि वाकायचं होतं. उजेड झाला. सगळे हात धरून उभे. मधल्या दोघांचा एकेक हात मोकळा, आणि त्यांच्यामध्ये रामहरी आडवा.

त्यानं उठायला पाहिलं नव्हतं असं नाही. अंधारात एक कोपर टेकलाही होता. पण कोपर टेकल्यावर त्याच्या मनात आलं, उठून जायचं कुठं, तर तिसऱ्या मजल्यावर. आणि कोपर आपोआप परत खाली गेला.

शहरातल्या मंडळींना हा शेवट फार आवडला. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग ती गाड्या काढायला बाहेर पडली. मागची माणसं बसून राहिली. मेलेला तसाच टाकून आपण उठलो तर सुतक घरी न्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. आता ह्याच्या घरचं कोण हाक मारतंय म्हणून ती पहिल्या रांगेकडं बघत होती, आणि पहिली रांग सगळी रिकामी झाली होती.

विंगेत ऋतुजाचा चेहरा उतरला. डॉक्टर बोलवा म्हणाली. बसवराजनं तिला हलक्या आवाजात सगळं सांगितलं. मग मीच हाक मारते, ती म्हणाली. "तुमी न्हाई ताई," बसवराज म्हणाला. "तुमीच मारलंय त्यांना. मारणाऱ्यानं बोलवायचं नसतंय."

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "अवो, ह्यांच्या घरचं कोन हाय का हितं?"

आणि मग फरशीवरून, डोळे मिटलेले तसेच ठेवून, रामहरी बोलला.

"माझ्या घरचं कुनी आलेलं न्हाय."

म्हातारा म्हणाला, मेलेल्यानं बोलू नये. शेजारची बाई म्हणाली, मघाशी मरायला लागल्यापासून एवढं गायला ते चाललं, मग बोललं तर काय बिघडलं. ह्यावर थोडी वादावादी झाली. घड्याळं बघितली गेली. सांगोल्याची गाडी सहाला होती, ती गेली की रात्र स्टँडवर काढायची. तेव्हा हा माणूस उठवणं भाग होतं, आणि उठवायचा तर ह्याचं कोणीतरी निघणं भाग होतं.

मग सुरू झालं. कुठल्याही दोन मराठी माणसांना एका बाकावर बसवलं तर पहिलं स्टेशन यायच्या आत ती एकमेकांचं नातं काढतात. इथं तर अख्खी एसटी भरून माणसं होती. श्रीपूरचा एक जण उठून म्हणाला, मी ओळखतो ह्यांना, कारखान्यात होते, माझ्या लग्नात ह्यांनी मंगलाष्टकं म्हटली होती आणि मांडवाचं कापड फाटलं होतं. पण ओळख म्हणजे नातं नव्हे, तो बसला. कुणी विचारलं, देवक कोणतं. रामहरीनं पंचपालवी सांगितलं. ते निम्म्या जिल्ह्याचं होतं, त्यानं काय होणार. मूळ गाव झालं, आजोळ झालं, आत्या कुठं दिलेली ते झालं. रामहरी एकेकाचं उत्तर देत होता. इतके प्रश्न त्याला कित्येक वर्षांत कुणी विचारले नव्हते. त्याची मान अवघडली होती आणि पाठ गार पडली होती, तरी प्रश्न संपू नयेत असं त्याला वाटत होतं.

"सासुरवाडी कुटली?" मघाची ती बाई उठून उभी राहिली होती. आवाजावरून साठीची असावी.

"सांगोल्याकडची."

"मालकीणबाईंचं नाव काय?"

"प्रभा."

"तुमच्या सासूबाईंची एक भन महूदला दिलेली व्हती का?"

रामहरीची सासू आईबापांना एकटी. तिला ना बहीण, ना भाऊ. लग्नात ती रुखवतापाशी बसून प्रभाला सांगत होती, माझ्या मागं कुणी नव्हतं, तुला तरी गोतावळा मिळू दे. हे त्याला लख्ख आठवलं. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली.

"व्हय," रामहरी म्हणाला. "धाकटी."

"आन् उंच व्हती जरा?"

"व्हय. उंच."

"मग ती आमच्या चुलत्याच्या घरातली," बाई सगळ्यांकडं वळून म्हणाली. "महूद माझं म्हायेर. माझी चुलती लागती ती. म्हंजे ह्यांची मालकीण माझी भन झाली की."

लांबची, कुणीतरी म्हणालं. लांबची तर लांबची, भन ती भन, असं आणखी कुणी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं. गाडीला पाऊण तास होता. बाई खुर्च्यांच्या मधून पुढं आली, पहिल्या रांगेपर्यंत आली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला असावा, कारण बांगड्या वाजल्या.

"दाजी," ती म्हणाली. "उठा आता."

दाजी म्हणणारं कुणी रामहरीला कधीच नव्हतं. प्रभाला बहीण नव्हती. तो शब्द त्यानं दुसऱ्यांच्या घरात ऐकलेला. तो थोडा वेळ तसाच पडून राहिला, खोट्या हाकेला उठावं की नाही ह्याचा विचार करत. मग कोपर टेकला, गुडघा टेकला, बसवराजनं हात दिला, आणि तो उठून बसला.

डोळे उघडले तेव्हा समोर सगळी माणसं पिशव्या उचलून दाराकडं चालली होती. बाई मधल्या वाटेनं लगबगीनं निघाली होती. हिरवं लुगडं, पाठमोरी. रामहरीला तिचं नाव विचारायचं होतं, पण ज्याला पुऱ्या नाट्यगृहाच्या कड्या वाजवता येत होत्या त्याच्या घशातून त्या वेळी साधा "अवो" निघाला नाही. दारात एकदा वळून तिनं हात केला. तो त्याला होता की मागं राहिलेल्या कुणा सोबतिणीला, ते कळलं नाही.

ऋतुजा येऊन त्याच्या शेजारी फरशीवर बसली. तिचे डोळे ओले होते. असा शेवट मी तिकडंसुद्धा कधी पाहिला नाही, म्हणाली. दुसरा प्रयोग पुढच्या महिन्यात आहे, त्यात हे असंच ठेवायचं का, त्या बाईंना परत बोलावता येईल का. रामहरी म्हणाला, लांबच्या हायत त्या, रोज कशा येतील. तुम्ही एखादा हवालदाराचा पार्ट असला तर बघा.

रंग पुरता न पुसताच तो बाहेर पडला. ऊन उतरलं होतं. रिक्षा स्टँडपाशी फोन वाजला.

हृषीकेशनं विचारलं, कसा झाला प्रयोग. चांगला झाला. गर्दी होती का. होती. आपल्यातलं कुणी आलं होतं का, त्यानं विचारलं, आणि त्या विचारण्यात जी चोरटी काळजी होती ती रामहरीला बरोबर ऐकू आली.

"आलती की," तो म्हणाला. "तुझ्या आज्जीच्या बहिणीकडची. महूदची."

"हां, हां, महूदची," हृषीकेश म्हणाला. "आठवतात मला."

रामहरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. कोण आठवतंय रे तुला, असं विचारावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. प्रभा असती तर फोन हिसकावून घेऊन म्हणाली असती, काय थापा मारताय बापलेक. आता हे खोटं आहे हे ठाऊक असलेला माणूस सगळ्या जगात तो एकटाच उरला होता.

"बरी आहेत ना ती सगळी?" हृषीकेशनं विचारलं.

"बरी हायत," रामहरी म्हणाला. "तुझी चौकशी करत व्हती."

पुण्यात सुनेनं हृषीकेशला नावानं हाक मारली. आतल्या खोलीतून मारतात तशी, मोठ्यानं आणि सहज. आलो, तो तिकडं म्हणाला, आणि इकडं म्हणाला, बाबा, ठेवतो.